काठीऐवजी परतीचे तिकीट

बहरीनची राजधानी मनामा, तिच्या दक्षिणेला काही मैलांवर असलेले ईसा टाउन हे आखून-रेखून वसवलेले गाव. १९६०च्या दशकात ते उभे राहिले आणि तेव्हाचे शासक शेख ईसा बिन सलमान अल खलिफा यांचे नाव त्याला मिळाले. मराठी घरांत हे नाव माहीत असते ते बहुधा इंडियन स्कूलमुळे. १९५० साली सुरू झालेल्या या शाळेचा मोठा परिसर ईसा टाउनमध्ये आहे. पण याच गावात आणखी तीन ठिकाणे आहेत आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती जास्त बोलकी आहेत. पहिले श्रम मंत्रालय. पगार थकलेला कामगार तक्रार घेऊन येतो तो इथे. दुसरे शिक्षण मंत्रालय. २०११ मध्ये बहरीनच्या शिक्षकांनी संप केला तो याच खात्याच्या अमलाखाली नोकरी करत असताना. आणि तिसरा स्त्रियांचा तुरुंग, जिथे सरकारविरोधी आंदोलनातल्या स्त्रियांना ठेवले गेले. स्थलांतरितांचे हक्क आणि पोलिसी दडपशाही हा सगळा प्रश्न एका फेरफटक्यात पाहता यावा, अशी ही जागा. देशाची लोकसंख्या सुमारे १५ लाख, त्यात निम्म्याहून थोडे जास्त परदेशी, त्यातले तीन लाखांहून अधिक भारतीय. तरीही या परदेशी लोकांची चळवळ म्हणावी असे काही बहरीनमध्ये उभे राहिलेले नाही.

याचे एक उत्तर तयारच असते: आपली माणसे पैसे कमवायला जातात, भानगडीत पडायला नाही. हे उत्तर आळशी आहे. अमेरिकेत शेतमळ्यांत आणि हॉटेलांच्या मोऱ्यांत राबणारे मेक्सिकन, ग्वाटेमालन, साल्वाडोरन लोकही पैसेच कमवायला गेले होते. तरी २५ मार्च २००६ रोजी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर पाच लाखांच्या आसपास माणसे उतरली, कारण विनापरवाना राहणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने आदल्या डिसेंबरात मंजूर केले होते. ते विधेयक पुढे सिनेटमध्ये बारगळले. ॲरिझोनात शेरिफ जो अर्पायो याची पथके केवळ चेहरा पाहून गाड्या अडवत. तिथल्या लॅटिनो संघटनांनी वर्षानुवर्षे पुरावे गोळा केले आणि २०१३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. त्याही आधी, २९ ऑगस्ट १९७० रोजी, पूर्व लॉस एंजेलिसमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निघालेल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, मोर्चावर पोलीस तुटून पडले आणि रूबेन सालाझार हा पत्रकार अश्रुधुराच्या नळकांड्याने मारला गेला. म्हणजे मार खाणे, मोर्चा काढणे, कोर्टात जाणे या तिन्ही गोष्टी तिथे घडल्या. गरिबी दोन्हीकडची सारखीच. तेव्हा फरक माणसांच्या धाडसात शोधून काही हाती लागणार नाही.

फरक कशात आहे ते पाहायचे तर त्या मोर्चांत पुढे कोण होते हे पाहावे. विनापरवाना मजूर चालत होतेच, पण त्यांच्या पुढे त्यांची तिथेच जन्मलेली मुले होती. अमेरिकेच्या घटनेच्या १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीने ती मुले जन्मतःच नागरिक झालेली. त्यांच्यासोबत कॅथलिक पाद्री होते, सफाई कामगारांच्या संघटना होत्या, स्पॅनिश रेडिओवरचे निवेदक होते. या लोकांना पोलीस मारू शकत होते, तुरुंगात टाकू शकत होते. देशाबाहेर घालवू मात्र शकत नव्हते. ज्यांना हाकलता येत नाही अशांनी, ज्यांना हाकलता येते अशांच्या वतीने लढवलेली ही चळवळ आहे. हे नाते काही आपोआप जुळले नाही. शेतमजुरांचा थोर पुढारी सेझार चावेझ याच्या संघटनेने १९७४ मध्ये विनापरवाना मजुरांना संपफोडे ठरवून त्यांच्याविरुद्धच मोहीम चालवली होती. त्याच्या पुतळ्यांना हार घालणारे हे सहसा बोलत नाहीत. नागरिक आणि बिगरनागरिक एकाच बाजूला यायला पुढे बरीच वर्षे गेली. माझे म्हणणे एवढेच की हा जोडीदार मिळाल्याशिवाय स्थलांतरितांची चळवळ उभी राहत नाही, आणि बहरीनमध्ये हा जोडीदार उभा राहण्याआधीच मोडला गेला.

बहरीनशी आपला संबंध तेलाच्या आधीचा आहे. आखातातले मोती विकले जात ते मुंबईच्या बाजारात, आणि १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत बहरीनमध्ये चलन होते ते रुपयाचे. तेल १९३२ मध्ये सापडले आणि मुंबईच्या बंदरातून कारकून, फिटर, फोरमन जाऊ लागले. आणखी एक गोष्ट तिथे पोचली ती म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानची पोलिसी रीत. १९२०च्या दशकात बहरीनच्या शिपाईदलात आधी बलुची भरले गेले, मग हिंदी लष्करातले पंजाबी. जनतेशी ज्याचे रक्ताचे नाते नाही असा शिपाई गोळी घालताना कचरत नाही, हे त्यामागचे गणित. ते पुढेही बदलले नाही. सुरक्षा खात्याची सूत्रे १९६६ पासून तीन दशके इयन हेंडरसन या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे होती, आणि २०११ च्या सरकारविरोधी उठावानंतर पाकिस्तानातून निवृत्त सैनिकांची भरती झाली. अमेरिकेत स्थलांतरित हा पोलिसांसमोरचा माणूस. बहरीनमध्ये तो पोलिसांसमोरही आहे आणि पोलिसांच्या गणवेशातही. या गुंत्याची किंमत गवंड्यांनी आणि चौकीदारांनी मोजली. ती कशी, ते पुढे येईलच.

आधी कायद्याकडे पाहू, कारण बहरीनचे सरकार आणि त्याचे चाहते दोघेही तिकडेच बोट दाखवतात. आखातातली मूळ व्यवस्था कफाल्याची: कामगाराचा व्हिसा एका कफीलाच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या मालकाच्या, नावावर बांधलेला, नोकरी सुटली की देशात राहण्याचा हक्कही सुटला. या व्यवस्थेला बहरीनचे श्रममंत्री मजीद अल अलावी यांनी २००९ मध्ये गुलामगिरीच्या पंक्तीत बसवले. त्या वर्षी १ ऑगस्टपासून मालकाच्या एनओसीशिवाय नोकरी बदलता येईल असा नियम आला. आखातात असे पाऊल प्रथमच पडत होते. घरकामगार मात्र त्यातून वगळले गेले. आणि २०११ मध्ये दुरुस्ती आली की एका मालकाकडे आधी एक वर्ष भरलेच पाहिजे. नेमक्या याच पहिल्या वर्षात कामगार एजंटाचे कर्ज फेडत असतो आणि सर्वांत जास्त अडलेला असतो. २०१२ च्या नव्या श्रम कायद्याने घरकामगारांना वार्षिक रजा आणि सेवासमाप्तीची रक्कम दिली, पण कामाच्या तासांची मर्यादा दिली नाही. २०१७ मध्ये फ्लेक्सी परवाना आला. कामगार स्वतःच स्वतःचा कफील, असा त्याचा अर्थ. दोन वर्षांसाठी सुमारे साडेचारशे दिनार आणि वर दरमहा ३० दिनार, एवढा खर्च कामगाराच्याच खिशातून. तरीही लोकांनी तो घेतला, कारण ‘फ्री व्हिसा’च्या नावाखाली एखाद्या बहरीनीला दरसाल पैसे चारून जे चोरून चालायचे तेच आता पावती घेऊन करता येत होते. स्थानिक व्यापाऱ्यांनी आणि खासदारांनी ओरड केली की परदेशी लोक आमचा धंदा बुडवतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्लेक्सी बंद झाला आणि त्याच्या जागी नोंदणीची दुसरी पद्धत आली.

या सगळ्या सुधारणा मापायला मी एकच फूटपट्टी वापरतो: तक्रार केल्याने कामगाराचा व्हिसा धोक्यात येतो का? येत असेल तर कायद्यातला हक्क शोभेचा. दुपारी उन्हात काम करण्यावर जुलै-ऑगस्टमध्ये बंदी आली ती २००७ पासून, आणि ती उपयोगी ठरली, कारण ती मोडली जाते की नाही हे निरीक्षक पाहतो. कामगाराने तोंड उघडण्याची गरज पडत नाही. २०२१ पासून पगार बँकेतून देण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने आली, तीही याच कारणाने कामाची. उलट नोकरी बदलण्याचा हक्क, पासपोर्ट परत मागण्याचा हक्क, थकलेल्या पगाराचा दावा हे सगळे कामगाराने स्वतः उभे राहून मागायचे. मालकाने तो पळून गेल्याची नोंद केली की परवाना रद्द होतो आणि मागणाराच बेकायदा ठरतो. मानवी हक्कांवर काम करणाऱ्या ह्यूमन राइट्स वॉचने ऑक्टोबर २०१२ मध्ये बहरीनच्या कामगारांवर सविस्तर अहवाल काढला. त्यात थकलेले पगार, अडवून ठेवलेले पासपोर्ट, कोंबून भरलेले लेबर कॅम्प हे सगळे आहे. त्यातली पासपोर्ट अडवण्याची गोष्ट तर कायद्याने मना असूनही सर्रास चालू होती.

आता दडपशाहीचे रूप पाहा. फेब्रुवारी २००८ मध्ये दुर्रत अल बहरीन या बेटांच्या प्रकल्पावर हजाराहून अधिक बांधकाम कामगारांनी पगारवाढीसाठी काम थांबवले. त्याच सुमारास भारतीय दूतावासाने अकुशल भारतीय कामगाराला दरमहा किमान १०० दिनार मिळाले पाहिजेत अशी अट घातली. या देशात परदेशी मजुरांचे संप झालेच नाहीत असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. ते होतात आणि पुष्कळदा पगाराचा काही भाग पदरात पाडूनही घेतात. पण कामगारसंघटना त्यातून उरत नाही. १९७०च्या दशकापासून २००१ पर्यंत बहरीनी माणसाला राज्य सुरक्षा कायद्याखाली खटल्याविना वर्षानुवर्षे डांबावे लागे. परदेशी मजुरासाठी एवढा खटाटोप लागत नाही. परवान्याचे नूतनीकरण थांबले की पुढाऱ्याचा बंदोबस्त होतो, आणि त्याची बातमीही होत नाही. हे हत्यार उलट्या दिशेनेही चालते. २०१२ मध्ये एका बांधकाम कंपनीने करार अर्धवट सोडून गेलेल्या शंभरावर भारतीय कामगारांवर दावे लावले, न्यायालयाने त्यांच्यावर प्रवासबंदी घातली. काम नाही, पगार नाही, घरीही जाता येत नाही. त्यांतल्या एकाने आत्महत्या केली, वृत्तपत्रांतून गहजब झाला आणि कंपनीने दावे मागे घेतले. जाऊ न देणे आणि राहू न देणे या दोन्ही गोष्टींची किल्ली दुसऱ्याच्या हातात असली की लाठी कोपऱ्यात पडून राहिली तरी चालते.

या मजुरांना हाकलता न येणारा जोडीदार मिळण्याची शक्यता एकदा होती. २००२ च्या कायद्याने बहरीनमध्ये कामगार संघटनांना परवानगी मिळाली आणि आखातात दुर्मीळ अशी गोष्ट म्हणजे परदेशी कामगारालाही सभासद होण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या बहरीन मानवाधिकार केंद्रातल्या अब्दुलहादी अल ख्वाजा, नबील रजब या कार्यकर्त्यांनी परदेशी मजुरांचा प्रश्न आपला मानला होता. बहरीनी समाजात तेव्हा ही सोपी गोष्ट नव्हती, आजही नाही. सरकारने ते केंद्र २००४ मध्येच बरखास्त केले. मग फेब्रुवारी २०११ चा उठाव झाला. कामगार महासंघाने मार्चमध्ये सार्वत्रिक संप पुकारला आणि त्यानंतर खासगी कंपन्यांतून दोन हजारांहून अधिक बहरीनी कामगार काढले गेले. शिक्षकांची संघटना मोडली. तिचे अध्यक्ष महदी अबू दीब आणि उपाध्यक्ष जलीला अल सलमान यांना शिक्षा झाल्या. ख्वाजांना जन्मठेप झाली, रजब पुढची अनेक वर्षे तुरुंगाच्या आत-बाहेर करत राहिले. परदेशी मजुराच्या वतीने जो बोलू शकला असता, तो असा स्वतःच गजाआड गेला.

त्या वर्षाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शेरीफ बसिउनी यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २३ नोव्हेंबर २०११ रोजी अहवाल दिला. पोलिसांनी कोठडीत केलेल्या छळाची नोंद त्यात आहे, तशीच दक्षिण आशियाई मजुरांवर जमावांनी केलेल्या हल्ल्यांचीही आहे. पाकिस्तान्यांवर रोख विशेष, कारण त्यांचे देशबांधव पोलिसांत आणि सैन्यात होते. दंडुका उगारणाऱ्याचा राग गवंड्यावर निघाला. पुढच्या वर्षी ५ नोव्हेंबरला मनामात बाँबस्फोट झाले, त्यांतही दोन आशियाई मजूरच मेले. सरकारने परदेशी शिपाई आणून आणि निवडक परदेश्यांना नागरिकत्व वाटून विरोधकांचे संख्याबळ घटवण्याचा खेळ केला हा आक्षेप खरा मानला, तरी त्याचा सूड ज्याचा या खेळाशी काडीचा संबंध नाही अशा माणसावर काढणे याला चळवळ म्हणत नाहीत. आणि सरकारने काय केले? नोव्हेंबर २०१२ मध्ये ३१ विरोधकांचे नागरिकत्वच काढून घेतले. हा आकडा पुढे शेकड्यांत गेला. २०१९ मध्ये राजाने ५५१ जणांचे नागरिकत्व परत दिले यावरून व्याप्ती कळावी. इतकी वर्षे परदेशी मजुरावर वापरलेले हद्दपारीचे हत्यार इथे बहरीनी माणसावर चालवले गेले. मजुराच्या हक्कांकडे काणाडोळा करणाऱ्या नागरिकांना हे फार उशिरा उमगते.

मग उरते ते समाजसेवेचे रूप. २००५ मध्ये नोंदणी झालेली स्थलांतरित कामगार संरक्षण संस्था मारहाण झालेल्या घरकामगार स्त्रियांना आसरा देते. भारतीय दूतावासाच्या आधाराने १९९९ पासून चालणारा मदतनिधी तुरुंगातल्या, इस्पितळातल्या, अडकून पडलेल्या भारतीयांकडे पाहतो. पासपोर्टाऐवजी घरी परतण्यापुरता चालणारा आउटपास मिळवणे, तिकिटाचे पैसे जमवणे, मृतदेह घरी पाठवणे, विनापरवाना राहणाऱ्यांसाठी आम माफीची मुदत लागली की रांगा लावून कागद भरून देणे, हे काम कोणी हलके समजू नये. २०१५ च्या आणि २०२० च्या आम माफीत किती तरी माणसे अशाच हातांनी घरी पोचली. पण या कामाची मर्यादाही उघड आहे: ते माणसाला परत पाठवण्यात यशस्वी होते, हक्काने तिथे ठेवण्यात नाही. गणपती आणि महाराष्ट्र दिन साजरा करणाऱ्या मंडळांकडून याहून जास्त अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या कार्यकारिणीतला प्रत्येक जण कोणा ना कोणा कफीलाच्या सहीवर तिथे आहे. गंमत म्हणजे बहरीनमधल्या भारतीयाला कसोशीने लढवली जाणारी एक निवडणूक मिळते, आणि ती असते इंडियन स्कूलच्या कार्यकारी समितीची. पालक पॅनेल पाडतात, प्रचार करतात, हिशेबावरून भांडतात. मतदानाची हौस आणि कुवत कमी नाही, याचा याहून चांगला पुरावा नको. पण तिथे मत मिळते ते मुलाच्या फीच्या पावतीवर, आणि लेबर कॅम्पातल्या माणसाचे मूल रत्नागिरीत किंवा सोलापुरात असते.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की कामगार स्वखुशीने जातो, करार वाचून सही करतो, मग हक्कांचा कांगावा कशाला. कायद्याने भरतीच्या एजंटाला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट दिले जातात हे मुंबईतल्या कोणत्याही भरती कार्यालयाच्या जिन्यात उभे राहिले तर ऐकू येते. कर्ज काढून केलेली सही स्वखुशीची असली तरी ती मोडण्याची मोकळीक त्यात नसते, आणि मोडता न येणाऱ्या कराराला नोकरी म्हणायचे की वेठ, हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: आवाज केला तर दार बंद होते. मे २००८ मध्ये एका बांगलादेशी माणसावर खुनाचा आरोप आला आणि बहरीनने अख्ख्या बांगलादेशचे नवे परवाने थांबवले. एकाच्या अपराधाची शिक्षा सगळ्या राष्ट्राला होत असेल तर शहाणा माणूस गप्पच राहील. पण हा युक्तिवाद माझ्याच मुद्द्याला बळ देतो. गप्प राहणे ही त्या व्यवस्थेची मागणी आहे. तिला आपल्या लोकांचा स्वभाव म्हणू नये. तिसरा आक्षेप असा की बहरीन शेजाऱ्यांपेक्षा बरा आहे. मानवी तस्करीवरच्या अमेरिकी अहवालाने २०१८ पासून त्याला पहिल्या श्रेणीत ठेवले आहे. बरा आहे, हे मान्य. पण स्थलांतरित कामगारांच्या हक्कांवरचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार बहरीनने स्वीकारलेला नाही, अमेरिकेनेही नाही. आणि भारतानेही नाही.

या शेवटच्या गोष्टीमुळे आपल्याला बाहेरच्यांकडे बोट दाखवताना जपून राहावे लागते. आपल्याकडे आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ मध्ये आला, आणि तो किती पाळला गेला ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ते मध्य प्रदेशाकडे चालत निघाले होते. २००८ मध्ये मुंबई-नाशकात उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना आणि फेरीवाल्यांना मारहाण झाली तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी जे युक्तिवाद केले, तेच फ्लेक्सी परवान्याविरुद्ध बहरीनच्या व्यापाऱ्यांनी केले. फरक एवढा की बिहारच्या माणसाला मुंबईतून कायद्याने हाकलता येत नाही. तो नागरिक आहे, त्याला मत आहे, आणि म्हणूनच त्याच्या बाजूने बोलणारे पक्ष आहेत.

बहरीनमधल्या मराठी कामगाराला हाकलता न येणारा जोडीदार तिथे मिळणार नसेल तर तो इथे उभा करावा लागेल, घरी. केरळने हे फार आधी ओळखले: १९९६ मध्ये प्रवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते, २००८ मध्ये त्यांच्या कल्याणनिधीचा कायदा. आखाताकडे माणसे पाठवण्याचे सर्वांत जुने दार मुंबई, आणि महाराष्ट्राकडे त्या तोडीचे काही नाही. २०२० मध्ये आशियातल्या संघटनांनी थकलेल्या पगाराच्या वसुलीसाठी मोहीम सुरू केली, तिचा गाभा हाच होता की कामगार विमानात बसला की त्याचा दावा मरतो. तो मरू नये यासाठी लागणाऱ्या गोष्टी फार मोठ्या नाहीत: निघण्यापूर्वी कराराची नोंदवलेली प्रत, परतल्यावर दावा पुढे चालवण्यासाठी मुखत्यारपत्र, दूतावासात त्याचा पाठपुरावा करणारा वकील, आणि मुंबईत एक कार्यालय, जिथे माणूस पगाराची वही घेऊन जाऊ शकेल. घरी परतलेल्या कामगाराला कोणी हद्दपार करू शकत नाही. तो इथे मतदार आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून निवडून येणाऱ्या आमदारांनी हे कार्यालय विधानसभेत मागावे, आणि आखातात ज्यांचे कोणी आहे त्या घरांनी पुढच्या निवडणुकीत त्यांना त्याबद्दल विचारावे.